माणसं जोखण्याचं काम

ता. ९ जानेवारी

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी तीनदा ओरडून सांगितलं की मला नोकरी लागली, आणि तुम्ही तीनदा विचारलंत की कुठे लागलं आणि टाके किती पडले. शेजारच्या बाई घाबरून दारात आल्या. म्हणून आता पत्रच. कानाचं यंत्र खणात ठेवून ऐकू येत नाही, ते कानात घालावं लागतं, हे मी शेवटचं लिहिते आहे.

तर, लागलं नाही, लागली. एक्स-रे सेंटर बंद झाल्याला सात महिने झाले. एकतीस ठिकाणी अर्ज केले. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला लोक मुलाखतीला बोलावतात, पाणी देतात आणि कळवतो म्हणतात. मग कुणीच काही कळवत नाही. ही बत्तिसावी जागा. कंपन्यांना संगणकातली माणसं शोधून देणारी एजन्सी आहे. कंपनी सांगते असा असा इंजिनिअर हवा, आपण तो शोधायचा, त्याच्याशी बोलायचं, तो खरंच तसा आहे का हे जोखायचं आणि दोघांची गाठ घालून द्यायची. याला टेक्निकल रिक्रूटर म्हणतात. तुमचे जावई म्हणाले की हे तर स्थळं सुचवणाऱ्या मावशीचं काम झालं. मी म्हटलं, हो, आणि या मावशीला पगार आहे.

आमच्या मोठ्या बाई बोलताना सारख्या पेन्सिलीला टोक काढत असतात. त्यांनी विचारलं की तुम्हाला यातलं काय येतं. मी खरं तेच सांगितलं. यातलं काही येत नाही, पण सोळा वर्षं मी एक्स-रे सेंटरच्या खिडकीत बसून घाबरलेल्या माणसांना नाव, वय आणि काय होतंय ते विचारलं आहे, आणि विचारताना त्यांना आणखी घाबरवलेलं नाही. बाईंची पेन्सिल थांबली. सहा महिने बघू म्हणाल्या. या सहा महिन्यांत चार माणसं नोकरीला लावायची, नाहीतर राम राम.

पहिल्याच दिवशी दिवे लावले. एका कंपनीला ‘एम्बेडेड’ इंजिनिअर हवा होता. मला वाटलं, त्या माणसाने कंपनीतच मुक्काम ठोकायचा असं काहीतरी असेल. म्हणून फोनवर एकाला काळजीने विचारलं की घरच्यांची हरकत नाही ना, आठवड्यातून कधी घरी जायला मिळेल हे मी विचारून घेते. तो बिचारा मिनिटभर हसत होता. मग त्याने सांगितलं की एम्बेडेड म्हणजे यंत्राच्या पोटात बसवलेला प्रोग्राम. लिफ्टने कोणत्या मजल्यावर थांबायचं, पंप कधी बंद करायचा, हे ठरवणारा. मी त्याला आणखी अर्धा तास प्रश्न विचारले. त्याला नोकरी बदलायची नव्हती, तरी सांगत बसला. फोन ठेवल्यावर मी कागदावर लिफ्टचं चित्र काढून त्याला बाण जोडले. सोबत पाठवते आहे. चुकलं असेल तर लाल पेन्सिलीने दाखवा.

गुडघ्याचं तेल संपलं असेल, आळस न करता आणा. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
भिंगरी

-----

ता. १७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टाके पडले नाहीत हे वाचून बरं वाटलं. अभिनंदन.

चित्र बघितलं. बाण बरोबर आहेत. फक्त दार पूर्ण बंद झाल्याची खूण वर पोचल्याशिवाय मोटर फिरता कामा नये. ती तार तू काढलेली नाहीस. लाल पेन्सिलीने काढली आहे.

तुला या वयात नवीन काम कशाला, असं शेजारचे मास्तर म्हणाले. मी म्हटलं, तिला विचारा. काळजी मलाही आहे, पण ती माझी मी सांभाळतो.

एक सांगतो, उपयोगी पडलं तर बघ. कारखान्यात मी चौतीस वर्षं होतो. त्यातली अकरा वर्षं नवीन फिटर घ्यायचं काम माझ्याकडे होतं. सर्टिफिकेटं सगळ्यांची चांगलीच असायची. मी ती बघायचो नाही. मी समोर लोखंड घट्ट पकडून ठेवणारा शेगडा, कानस आणि लोखंडाचा तुकडा ठेवायचो, हा घासून काटकोनात आण म्हणायचो, आणि बाजूला जाऊन चहा प्यायचो. घासून काय होतंय ते नंतर बघायचं. तुकडा बांधण्याआधी तो शेगडा पुसतो का, हे मी आधी बघायचो.

तुझ्या लोकांना शेगडा नाही. मग त्यांना एवढंच विचार की तुमच्या हातून बिघडलेलं एक काम सांगा. ज्याचं कधीच काही बिघडलं नाही त्याने काम केलेलं नसतं. आणि सांगताना तो ‘मी’ कधी म्हणतो आणि ‘ते लोक’ कधी म्हणतो, तिकडे कान ठेव. कानाबद्दल मी सांगावं हा विनोद आहे, हे कळतं मला.

तू यंत्राबद्दल लिहिलंस ते वाचताना तू चौथीत असतानाचं आठवलं. शिवणयंत्र सुटं करून बसली होतीस आणि आईने रागवायच्या आत परत जोडलं होतंस. तुला खरं तर... असो, ते पुन्हा कधीतरी.

तब्येतीला जप. जावईबापूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
नाना

-----

ता. २० फेब्रुवारी

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाने कमाल केली. आमच्या खोलीत सहा टेबलं आहेत, खिडकी एका लाँड्रीच्या मागच्या बाजूला उघडते, आणि दिवसभर सगळे कानाला हेडफोन लावून एकाच सुरात तेच ते विचारत असतात: किती वर्षं अनुभव, किती दिवसांत येऊ शकाल. मी बिघडलेल्या कामाबद्दल विचारते. काही जण फोन आपटतात. एकाने सांगितलं की मी कधी चुकत नाही, हवं तर माझ्या बायकोला विचारा. मागून बायकोचा आवाज आला की खरंच विचारा. पण बाकीचे बोलायला लागतात, नाना. जणू हे त्यांना बरीच वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

घरी तुमचे जावई माझी तयारी करून घेतात. ते गर्विष्ठ इंजिनिअर होतात आणि मी त्यांना फोन करते. भूमिकेत इतके शिरतात की गेल्या रविवारी त्यांनी माझ्याकडे दुप्पट पगार आणि खिडकीजवळची खुर्ची मागितली. मी नाकारलं, तर भाजी चिरायला येईनात.

दोन माणसं लागली. पहिल्याला फोन केला तेव्हा तो रस्त्यात होता, थांबा, आधी बाजूला होतो म्हणाला. मग म्हणाला की आईला सांगून परत फोन करतो.

तिसरी होऊ घातली आहे, तिचं तुम्हाला सांगायलाच हवं. मी तिला लिफ्टवाली म्हणते. बारा वर्षं लिफ्टच्या पोटातले प्रोग्राम लिहिते आहे. कामावर जाता-येता चार तास बसमध्ये जातात, मुलगी सहावीत आहे, म्हणून तिला घराजवळची जागा हवी. मी तिला बिघडलेलं काम विचारलं, तर म्हणाली की एकदा तिच्या एका ओळीमुळे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबून दार उघडायची. कुणाला काही झालं नाही. पण ती तीन दिवस त्या इमारतीच्या गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत बसून राहिली, चूक सापडेपर्यंत उतरली नाही. पूर्ण गोष्टीत ‘ते लोक’ एकदाही आलं नाही. मी मोजलं.

पंपाच्या कंपनीने तिच्या तीन मुलाखती घेतल्या. काल त्यांच्या साहेबाचा फोन आला की हीच हवी, पत्र आठवड्यात निघेल. मला धीर कुठला. लगेच तिला फोन केला, सांगितलं की झालं, तुम्ही खुशाल राजीनामा द्या. मागे तिची मुलगी ओरडत होती, आता आई संध्याकाळी घरी, आई संध्याकाळी घरी. नाना, खिडकीत बसून सोळा वर्षांत मी असं कुणाला काही देऊ शकले नव्हते.

तुमच्या लाल तारेबद्दल लिफ्टवालीला विचारलं. बरोबर आहे म्हणाली, आणि तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. आशीर्वाद असू द्या, आणखी काही नको.

तुमची,
भिंगरी

-----

ता. २६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घाईत चार ओळी लिहितो. माणूस पारखायला शिकलीस, आनंद वाटला. पण कंपनीचं पत्र हातात आलं का? साहेबाचा शब्द म्हणजे साहेबाचा मूड. त्या बाईला राजीनामा देऊ नको म्हणावं, पत्र येईपर्यंत. हे पोचायला उशीर झाला असेल तर हे मनावर घेऊ नकोस, मी उगाच काळजी करतो.

तुझा,
नाना

-----

ता. १४ मार्च

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशीच तिने राजीनामा दिला होता.

पंपाच्या कंपनीने सगळी भरती थांबवली आहे. वरून हुकूम आला म्हणे. साहेब फोनवर चांगलं बोलला. वाईट वाटतं म्हणाला, आणि पुढच्या वर्षी बघू. लिफ्टवालीच्या जुन्या ठिकाणी तिची जागा भरलीसुद्धा. म्हणजे बारा वर्षांची नोकरी माझ्या एका फोनवर गेली. महिनाअखेरीला ती घरी बसेल. मुलीला आई संध्याकाळी घरी मिळेल, ही अशी.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. म्हणाल्या की या धंद्यात प्रत्येकाच्या खात्यावर असा एक माणूस असतो, त्यांच्याही आहे, सभ्य शब्दांत ईमेल पाठवा आणि पुढच्या नावाला लागा. मी ईमेल पाठवला. चार वेळा लिहून खोडला आणि पाचव्यांदा गेला. उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही. त्यानंतर मी केला नाही, आणि खरं सांगू, उचलला नाही म्हणून मला हायसं वाटलं. ते तुम्हाला सांगायची लाज वाटते.

जेवण जात नाही. तुमचे जावई कालपासून गर्विष्ठ इंजिनिअर होत नाहीत, नुसते शेजारी बसतात. बिघडलेलं काम सांगा म्हणून मी लोकांना विचारत होते, आता माझ्याकडेच सांगण्यासारखं झालं.

तुमची,
भिंगरी

-----

ता. १९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिच्या घरी जा. फोन नको, ईमेल नको. दारात उभी राहा आणि तोंडाने सांग की माझ्यामुळे झालं. ती दार लावेल, बोलेल, काहीही करेल. ते घ्यायचं. मग विचार की आता काय करू.

हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगतो, ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

तू अठराची होतीस. यंत्राच्या डिप्लोमाला तुझा नंबर लागला होता. आई अंथरुणाला खिळलेली, मी तीन पाळ्यांत, घरात माणूस हवं होतं. मी कॉलेजला परस्पर पत्र टाकलं की मुलगी येणार नाही. आणि तुला काय सांगायचं ते मला सुचेना. कारखान्यात पन्नास माणसांसमोर बोलणारा मी, तुझ्यासमोर उभा राहू शकलो नाही. टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि पहाटेच्या पाळीला निघून गेलो. परत आलो तेव्हा तू आईचं अंग पुसत होतीस. चिठ्ठी टेबलावर नव्हती. तू काही बोलली नाहीस, मी विचारलं नाही. आई चार वर्षांनी गेली, तेव्हाही नाही. तेवीस वर्षं झाली.

जाणं आणि चिठ्ठी ठेवणं यात काय फरक असतो, तो मला माहीत आहे. मी चिठ्ठी ठेवली. तू जा.

मी हेही तुला पत्रातच लिहितो आहे, समोर येऊन सांगत नाही. बघ, माणूस किती बदलतो ते.

तुझा,
नाना

-----

ता. ८ एप्रिल

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

गेले. पत्र मिळालं त्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजता. तिसरा मजला, आणि इमारतीला लिफ्ट नाही. तिने दार उघडलं आणि मी कोण ते सांगितल्यावर हात चौकटीलाच ठेवला. मी पाठ करून गेले होते ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले की पत्र हातात नसताना मी तुम्हाला राजीनामा द्यायला सांगितलं, ही माझी चूक, कंपनीची नाही.

तिने आवाज चढवला नाही. सावकाश एकेक विचारलं. मला माहीत होतं का की पत्र नाही. माहीत होतं. मग का सांगितलं. मला आनंद झाला होता म्हणून. हे तोंडातून गेलं आणि मलाच कसंतरी झालं. ती म्हणाली की तुमचा आनंद मला बारा वर्षांना पडला. खोलीत मुलगी गणितं सोडवत होती, तिने पेन खाली ठेवलं. मी उभीच. मग विचारलं की आता काय करू. तिने चौकटीवरचा हात काढला, म्हणाली की आत या, बसून विचार करू, दारात उभं राहून मला विचार करता येत नाही.

आम्ही यादी केली. तिच्या घरापासून तासाभराच्या आत, ज्यांच्या मालाच्या पोटात प्रोग्राम असतो अशा सगळ्या जागा. वजनकाटे, भट्ट्या, आपोआप उघडणारी दारं, दवाखान्यातले वरखाली होणारे पलंग. यातल्या निम्म्यांनी एजन्सीचं नावही ऐकलेलं नाही. मी कामाच्या आधी आणि जेवणाच्या सुट्टीत एकेका ठिकाणी जाते. एका ठिकाणी वॉचमनने मला पुस्तकं विकणारी समजून हाकललं. तीन ठिकाणहून नकार आला आहे. मोठ्या बाईंना सांगितलं आहे, त्या म्हणाल्या की स्वतःच्या वेळेत काय करता ते मी बघितलं नाही.

तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीचं उत्तर द्यायचं आहे. पण अर्धवट देणार नाही. थोडा वेळ द्या.

तुमची,
भिंगरी

-----

ता. १५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेळ घे. मी तर घेतलाच होता.

वजनकाटेवाल्यांकडे सकाळी जाऊ नकोस, सकाळी सगळे गिऱ्हाइकात असतात. जेवणानंतर जा. मोठ्या साहेबाला भेटायच्या आधी कामावरच्या जुन्या माणसाला भेट. कुठली जागा भरायची आहे हे साहेबाच्या आधी त्याला कळलेलं असतं.

जेवत जा.

तुझा,
नाना

-----

ता. ३० जून

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

लिफ्टवाली लागली. पलंगांच्या कारखान्यात. तुम्ही म्हणालात तसं आधी जुन्या माणसाला गाठलं. तिथल्या दुरुस्तीवाल्या आजोबांनी सांगितलं की पलंग मध्येच अडकतात आणि प्रोग्राम लिहिणारा सोडून गेला आहे, मालक मान्य करत नाहीत एवढंच. मी मालकांना म्हटलं की मुलाखत घेऊ नका, अडकलेला पलंग द्या. ती दोन दिवस त्या पलंगाखाली होती. तिसऱ्या दिवशी पलंग चालायला लागला. या वेळी पत्र माझ्या हातात येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही, आणि आल्यावरही तिलाच उघडायला दिलं. तिने दोनदा वाचून नीट घडी घातली. माझे आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण निघताना मुलीने विचारलं की तुम्ही परत येणार का, तर ती म्हणाली, येतील.

मालकांनी एजन्सीशी करार करायला नकार दिला. बाई थेट येणार असेल तर घेतो म्हणाले. मी तिला सांगितलं की खुशाल थेट जा. म्हणजे ती माझ्या चारांत धरली जाणार नाही. मधे आणखी एक जण लागला, तरी माझे तीनच झाले. मोठ्या बाईंसमोर तसंच सांगितलं. त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, म्हणाल्या की आकडा तो आकडा, कायम करता येत नाही, आणखी तीन महिने बघू. मी उठले तेव्हा म्हणाल्या की सोमवारपासून दोन नवीन मुली येणार आहेत, त्यांना फोनवर काय विचारायचं ते तुम्ही शिकवा. यातलं काय धरायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आता तुमची चिठ्ठी.

नाना, दुःख झालं नाही असं मी लिहिणार नाही. झालं. त्या वर्षी वर्गातल्या मुली कॉलेजला जाताना दिसू नयेत म्हणून मी दुकानाला मागच्या गल्लीने जायची. पण कॉलेज सुटल्याचं दुःख मी हळूहळू विसरले. आईची चार वर्षं मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. ती शेवटी शेवटी माझ्याशी जे बोलली ते दुसऱ्या कुणाला ऐकायला मिळालं नसतं. तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं. त्याच क्षणी. तुम्ही विचारलं नाहीत, एवढंच आत राहिलं.

ते तुम्ही लिहिलंत. मी बाहेर पायरीवर बसून वाचलं आणि खूप रडले, आणि मग खूप भूक लागली.

तुमच्यावर राग नाही. होता तेव्हा तुम्ही खचलेले दिसायचात, म्हणून काढता आला नाही. आता काढायला गेले तर सापडत नाही. मायेने लिहीत राहा.

तुमची,
भिंगरी

-----

ता. ५ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मास्तर आले होते, त्यांना सांगितलं की डोळ्यात काहीतरी गेलं. ते म्हणाले, दोन्हींत?

तुझं बरोबर आहे. विचारायला हवं होतं. आता विचारतो.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येऊ का? आठ दिवस राहीन म्हणतो. काही गोष्टी पत्रात बसत नाहीत, त्या समोर बसून बोलायच्या आहेत. तुला सवड नसेल तर नाही म्हण, मला चालेल.

स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, रस्ता मला माहीत आहे, असं लिहिणार होतो. पण ये.

तुझा,
नाना